काहिलीशेजारचं इंग्रजी

वास आधी आला. गाडीच्या काचा बंद, एसी चालू, तरीपण आला. न्हावऱ्याहून चौफुल्याकडं जाताना रस्त्याच्या कडेला एक गुऱ्हाळ चालू होतं, आणि त्या वासानं मला असं काही धरलं, की गाडी चालवणाऱ्या नातीच्या खांद्यावर चापट मारून मी ओरडलेच, "थांबव, थांबव, थांबव!"

प्रणालीला वाटलं मला मळमळतंय. तिनं घाबरून गाडी बाजूला घेतली. मी दार उघडून उतरलेसुद्धा. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी गुडघे आहेत हेच विसरले होते बघा.

प्रणाली रांजणगावला कारखान्यात नोकरीला आहे. सोमवारी तिची वरच्या जागेसाठी मुलाखत होती, आणि ती इंग्रजीत. म्हणून शिरूरपासून तिच्या फोनमधली एक बाई आम्हांला दोघींना इंग्रजी शिकवत होती. बाई वाक्य म्हणायची, मधला एक शब्द गाळायची, प्रणाली तो भरायची. चुकलं की फोन टुंग करायचा. शिरूर ते न्हावरा, नुसतं टुंग टुंग.

गुऱ्हाळावरची माणसं आता उत्तर प्रदेशातली असतात. त्यांच्यातला म्हातारासा गुळव्या माझ्याकडं बघून म्हणाला, "आओ माताजी, रस पियो." मी म्हटलं, "रस नंतर, पैले काहील देखने दो." तो हसला. एका रांगेत तीन काहिली होत्या, रस आटवायच्या पसरट कढया, केवढ्याल्या! रस उकळत होता. मी पदर नाकाला न लावता ती वाफ सरळ आत ओढून घेतली. गोड नसते हो ती नुसती. ओल्या गवताची असते, धुराची असते, आणि शेवटाला थोडी भाजलेली.

प्रणाली मागं उभी राहून फोनमधल्या बाईशी झगडत होती. "आजी, दोन मिनिटं थांब गं. इथं स्टिल येईल का येट?"

तिनं मला वाक्य वाचून दाखवलं. मी काहिलीवरची नजर न काढता म्हटलं, "स्टिल."

फोन टुंग झाला नाही.

"तुला गं काय माहीत?"

"मी काहिलीवर शिकले ते."

"कशावर?"

आता हिला कसं सांगायचं? तिला रसाचा ग्लास दिला, एका पालथ्या डब्यावर बसवलं आणि सांगायलाच बसले.

मी केंदूरची. आमच्याकडं त्या काळात बाजरी, मटकी, हुलगा. हिरवं म्हणजे काय ते पावसाळ्यात बघायचं. लग्न होऊन केडगावच्या बाजूला आले तर जिकडं बघावं तिकडं ऊस! माणूस शिरला तर हाक मारूनच शोधायचा. दिवाळी झाली की गुऱ्हाळ सुरू व्हायचं. पहाटे ऊस पिळायच्या चरकाचं डिझेलचं इंजिन चालू झालं की त्याच्या धुराड्यावरचं पत्र्याचं झाकण टाळ्या पिटायला लागायचं, टपटपटप, ते पार दिवस मावळेपर्यंत. त्या आवाजावर आम्ही भाकरी थापायचो. खरंच, हात त्याच तालावर पडायचे.

चिपाडं म्हणजे रस काढलेला उसाचा चोथा, तो उन्हात पसरून वाळवायचा, मग तोच काहिलीखालच्या चुलवाणात जाळायचा. ते काम माझ्याकडं होतं. हातांना चोवीस तास उसाचा वास. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवायची, त्याचा चीक काहिलीत ओतला की रसातली घाण फेसाबरोबर वर यायची. तिला मळी म्हणायचे. ती झाऱ्यानं काढून टाकायची. पहिल्या आधणाचा, म्हणजे पहिल्या काहिलीचा गूळ आधी चुलवाणाला दाखवायचा, मग माणसांनी खायचा. पोरं उसाची कांडकी घेऊन रांगेत उभी असायची, कांडकं गरम गुळात बुडवलं की त्याची तार लांबत जायची, कुणाची तार लांब याच्यावर मारामाऱ्या. ती चव आता मिळत नाही. मिळत असेल, माझी जीभ म्हातारी झाली असेल, काय सांगावं.

माझे सासरे गुळव्या होते. त्यांना मी मामंजी म्हणायची, बाकी सगळे आबा. काहील चुलवाणावरून कधी उतरवायची हे ठरवणारा तो गुळव्या. पळभर आधी उतरवली तर गूळ बसत नाही, चिकट राहतो. पळभर उशीर झाला की करपला. शेतकऱ्याचा वर्षाचा ऊस त्या एका हाकेवर. मामंजी काहिलीशेजारी उंच दगडावर बसायचे, हात वर धरायचे आणि ओरडायचे, "उतरवा!" की सहा गडी दांडे घालून काहील उचलायचे. पंचक्रोशीतला ऊस आमच्याकडं यायचा तो या हातासाठी.

दर गुरुवारी सायकलवर एक बाई यायच्या. पांढरी साडी, पायांत बूट, सायकलच्या कॅरियरला काकवीची रिकामी बाटली. सुशीलाबाई. मिशनातल्या शाळेत शिकवून शिकवून निवृत्त झालेल्या. काकवी न्यायला यायच्या आणि बोलत बसायच्या. एकदा मला विचारलं, "शाळा किती?"

"सातवी."

"पुढं का नाही गं?"

"लग्न झालं. आणि इंग्रजी येत नाही."

"लग्नाचं मला काही करता येणार नाही," बाई म्हणाल्या, "इंग्रजीचं बघू."

त्यांनी पुस्तक काढलं नाही की पाटी मागितली नाही. काहिलीकडं बोट केलं. "गूळ झाला का?"

"अजून नाही."

"नॉट येट. म्हण."

"नॉट येट."

"मळी येतीय अजून?"

"येतीय."

"स्टिल. मळी येणं चालूच आहे, थांबलं नाही, म्हणून स्टिल. आणि गूळ व्हायचाय, वाट बघतोय, म्हणून नॉट येट. मराठीत दोन्हीला अजून म्हणून भागतं. इंग्रजीत नाही भागत."

मला काय आनंद झाला, काय सांगू! मला वाटायचं इंग्रजी म्हणजे कुठंतरी लांब, विलायतेत असतं. आणि हे इथं माझ्या समोर उकळत होतं. बाई म्हणाल्या, पुढच्या गुरुवारपर्यंत जे डोळ्यांपुढं आहे तेच बोलायचं. कालचं नाही, उद्याचं नाही. आत्ताचं. मी चिपाडं पसरताना कावळ्याला सांगायची, भाकरी फुगली की तव्याला सांगायची. भाकरी फुगली, ऑलरेडी! जाऊबाई म्हणाल्या, "हिला काय झालंया? दृष्ट काढा हिची."

बाईंनी सांगितलं होतं, सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी राहून दहावीला बसता येतं. पण घरात हे काढायचं कसं? मालक दौंडला रेल्वेत, आठवड्यानं यायचे, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण सुनेनं कामाच्या वेळी वही उघडायला मामंजींचा होकार पाहिजे. आणि मामंजींना विचारायची कुणाची छाती!

त्यांनीच विचारलं. दुपारची वेळ होती. गडी लिंबाखाली जेवत होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला, तर म्हणाले, "ती सायकलवाली बाई काय शिकवती गं? नाटेट का काय?"

"नॉट येट, मामंजी. म्हणजे अजून झालं नाही."

"आन् झालं म्हंजी? आत्ताच, ह्या घडीला?"

"नाऊ."

"नाऊ," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "नाऊ." मग तांब्याला हात घालायला गेले आणि हात वीतभर बाजूनं गेला. तांब्या तिथंच. त्यांचा हात जमिनीवर चाचपडत होता. मी तांब्या हळूच पुढं सरकवला.

"कळलं नव्हं?" ते म्हणाले. "नाकाला समजतंय, कानाला समजतंय. शेवटचा बुडबुडा काय दिसत न्हाई. दोन पावसाळे झाले, धुकं धरलंय डोळ्यात. आतापत्तूर अंदाजानं चाललं. पर औंदा दोन आधणं पातळ गेली. लोकांना कळलं की आंधळ्याकडं ऊस कोन आनंल?"

मी म्हटलं, "मी सांगू का?"

"तू सुनबाई. सतरा-अठरा वर्साची. तू सांगायचं आन् आबानं उतरवायचं? गाव हसंल." मग दाढीत हसले. "पर तू अभ्यास करायला बसलीस, मोठ्यांदा वाचलंस, तर कोन काय म्हननार? उद्यापास्नं वही घेऊन हितं बस. पुस्तकं मी आनायला सांगतो."

असा माझा फॉर्म भरला गेला!

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या दगडाला टेकून बसायला लागले. मांडीवर वही, नजर काहिलीत. फेस दाट असला, मळी येत असली की मी घोकत बसायची, "स्टिल, स्टिल, स्टिल." फेस बसला, बुडबुडे मोठे झाले की "नॉट येट, नॉट येट." आणि मग ती वेळ यायची. बुडबुडा मध्यभागी वर यायचा आणि फुटताना फुलासारखा पसरायचा, रंग एकदम हळदीचा व्हायचा. मी म्हणायची, "नाऊ!"

"उतरवा!" मामंजींचा हात खाली.

पहिल्या दिवशी मी घोटाळा केला. मळी संपली, गूळ व्हायचा होता आणि मी घाईत म्हणत राहिले, स्टिल स्टिल. मामंजींना वाटलं मळी चालूच आहे, त्यांनी झारेवाल्याला सांगितलं काढ. त्यानं चांगला रस काढून टाकला दोन झारे. संध्याकाळी मामंजी म्हणाले, "सुनबाई, आमच्या जिवाशी खेळ व्हतो. नीट पाठ कर." अशी छडी कुठल्या मास्तरनं मारली असती? मग नाही चुकले.

गडी चेष्टा करायचे. "आबा, सून कलेक्टर व्हनार बघा!" किसन म्हणून एक जाळ घालणारा होता, तो तर चिपाडं कोंबता कोंबता माझ्याबरोबर म्हणायला लागला, नाटेट, नाटेट. आमच्या दोघांत काय चाललंय हे त्याला माहीतच नव्हतं. आणि मामंजींना तर नवाच नाद लागला. सुशीलाबाईंनी एका गुरुवारी नाउअडेज शिकवलं, हल्ली, आताशा. मामंजींना ते फारच आवडलं. ऊस घेऊन आलेल्या माणसाला म्हणायचे, "पाव्हणं, नाउअडेज ऊस पाणचट येतोय तुमचा." माणूस घाबरून जायचा, हा कसला रोग म्हणून.

तो हंगाम माझ्या आयुष्यातला सोन्याचा. एक सोडलं तर एकही आधण वाया गेलं नाही. सकाळचं ऊन चिपाडांच्या ढिगावर पडलेलं असायचं, त्यातून वाफ निघायची, इंजिन टाळ्या वाजवायचं आणि मी सतरा-अठराची पोर त्या सगळ्याच्या मधोमध बसून मोठ्यांदा इंग्रजी बोलत असायची, आणि सहा गडी माझ्या शब्दाला काहील उचलायचे. त्यांना माहीत नसेना का! मला होतं, मामंजींना होतं.

"मग?" प्रणाली म्हणाली. तिचा ग्लास तसाच हातात. रसावर माशी बसली तरी तिला कळेना. "पास झालीस का नाही दहावी?"

"झाले की. इंग्रजीत बेचाळीस. पण ते नंतर. आधी करपलं ते ऐक."

मामंजींचे थोरले चुलतभाऊ, त्यांना सगळे थोरले आप्पा म्हणायचे. गावातलं मोठं माणूस. आमच्यात रीत अशी, की थोरल्या सासऱ्यासमोर सुनेचा आवाज निघायचा नाही. पदर तोंडावर, बाजूला उभं राहायचं, काही पाहिजे असलं तर बांगड्या वाजवायच्या. मी लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर एक अक्षर बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांचा ऊस लागला होता आणि ते स्वतःच आले. बाज काहिलीशेजारी टाकायला लावली आणि बसले.

मी वही मिटली. पदर ओढला. सवयच ती, विचार नाही केला. चिपाडांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिले.

मामंजींना आधी कळलंच नाही. दगडावर बसून वाट बघत होते. हात वर. रस चढला, मळी संपली, फेस बसला. त्यांनी मान माझ्या जागेकडं वळवली. मी बांगड्या वाजवल्या. इंजिनापुढं बांगड्या काय ऐकू येणार! पुन्हा वाजवल्या. आणि काहिलीत बुडबुडा फुलला. मी पदराआडून बघतीय. हळदी झाला. शब्द माझ्या दातांपाशी आलाय आणि दात उघडत नाहीत. समोर आप्पा. हळदीचा तांबूस झाला. तांबसाचा तपकिरी झाला. मग वास बदलला, आणि मामंजी नाकानंच दचकले, "उतरवा! उतरवा!"

गूळ तंबाखूच्या रंगाचा झाला होता.

आप्पा बाजेवरून उठले. गुळाकडं बघितलंसुद्धा नाही. काठी उचलून मामंजींच्या डोळ्यांसमोरून आडवी नेली. पापणी हलली नाही.

"कवापास्नं?"

"दोन वर्सं झाली, आप्पा."

"मग ही समदी आधणं? कोन बघत व्हतं?"

मामंजींनी हात लांब करून मला दाखवलं. म्हणजे दाखवायला गेले. मी जागा बदलली होती ना. त्यांचं बोट माझ्या रिकाम्या जागेकडं होतं, दगडाशेजारी, जिथं नुसती वही पडली होती.

आप्पांनी त्या वहीकडं बघितलं, मग ढिगाकडं. मी जमिनीत गेले असते तर बरं. पदराच्या आत मी एकच शब्द पुटपुटले, ऑलरेडी, म्हणजे होऊन गेलं. भाकरीला किती कौतुकानं म्हणत होते तोच शब्द.

"पंधरा दिसांनी दौंडला डोळ्यांचं शिबिर हाय," आप्पा म्हणाले. "जायाचं. तवर चरक बंद." आणि निघून गेले.

आता खरं सांगते, नातीला पण तिथं खरंच सांगितलं. मामंजींचे डोळे येणार म्हणून घर आनंदात होतं. मी देवापुढं हात जोडले आणि काय मागावं कळेना. त्यांना दिसायला लागलं की मला तिथं बसवायचं कारण संपलं. वही, पुस्तकं, सतरा नंबर, सगळंच त्या धुक्यावर उभं होतं. त्यांच्या डोळ्यांवर उजेड पडू दे म्हणाले, पण तोंडानं. मनातलं देवाला ऐकू गेलं असेल तर त्यानं माफ केलं असेल.

ऑपरेशन चांगलं झालं. महिना-दीड महिन्यानं जाड काचांचा चष्मा आला. मामंजींचे डोळे त्यात एवढाले दिसायचे. मला समोर बोलावलं, नीट बघितलं आणि म्हणाले, "अगं, तू एवढीशीच व्हय! आवाजावरनं मला वाटलं चांगली उंच असशील."

आणि गुऱ्हाळ पुन्हा सुरू झालं. पहिला ऊस थोरल्या आप्पांचा, मागचा राहिलेला. मी गेले नाही. वही फडताळात सगळ्यांत वर ठेवून दिली. चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागले. इंजिनाचं झाकण वाजत होतं आणि माझा हात तालावर पडेना. भाकरी तुटायला लागल्या.

तेवढ्यात किसन धापा टाकत दारात. "वैनी, चला! आबा अडून बसल्यात. आधण चढलंय आन् म्हणत्यात सुनेला बोलवा."

पिठाच्या हातांनी पळाले मी. नऊवारीचा काष्टा सावरत, काट्यांतून, बांधावरून, आडवी. तिथं जाऊन बघते तर सहा गडी दांडे घेऊन उभे, मामंजी दगडावर, नाकावर चष्मा.

"मामंजी, दिसत नाही का?"

"दिसतंय की! फेस दिसतोय, मळी दिसती, ह्या भामट्यांची तोंडं दिसत्यात. पर कानाला सवय लागलीया. तुझ्याबगर हात खाली येत न्हाई. बस जाग्यावर. वही कुठाय?"

"घरी राहिली."

"मग तोंडानं म्हण."

आणि मी मान वर केली तर समोर बाजेवर थोरले आप्पा. हात आपोआप पदराकडं गेला. काहिलीत मळी संपली होती. बुडबुडे मोठे व्हायला लागले होते. मामंजी वाट बघत होते, गडी वाट बघत होते, आणि मी पुन्हा गप्प. पुन्हा तेच.

आप्पांनी घसा खाकरला. कुणाकडंच न बघता, आभाळाकडं तोंड करून म्हणाले, "ह्या हिवाळ्यापास्नं मला ऐकायला लईच कमी येतंया. शेजारी ढोल वाजला तरी कळत न्हाई." आणि बाजेवर कूस बदलून आमच्याकडं पाठ करून पडले.

मी दगडाला टेकून बसले. पदर खांद्यावर घेतला.

"नॉट येट," म्हटलं.

मामंजींनी मान डोलावली. "नाटेट," चुलवाणाकडून किसनचा आवाज आला. मी काहिलीत बघत राहिले. वाफ तोंडावर येत होती, पीठ हातांवर वाळून ओढत होतं. "नॉट येट. नॉट येट." मधोमध एक बुडबुडा वर आला, थरथरला आणि फुलासारखा उघडला.

"नाऊ!" मी ओरडले. इंजिनाच्या वर आवाज गेला माझा.

मामंजींचा हात खाली आला, सहाजणांनी दांडे घातले. वळून बघते तर पाठ करून पडलेले थोरले आप्पा माझ्या शब्दासरशी उठून सातवा हात लावायला काहिलीपाशी पोचले होते.